एका अक्षरावरून राहिलेलं भांडण

सुजाता,

परवा मी घाटकोपरला तुझ्या कॉलेजात गेलो होतो. तुझं कपाट रिकामं करायला बोलावलं होतं. एक स्वेटर, पाण्याच्या दोन बाटल्या, दुखण्यावरच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि बारावीच्या पोरांच्या तपासायच्या राहिलेल्या वह्या. वह्या त्यांनी ठेवून घेतल्या. तारेची शिडीही ठेवून घेतली. "ही मॅडमनी कुठून आणली होती हो? आम्हाला अजून एक हवी होती," असं तिथल्या बाईंनी विचारलं. ती मी केलीय, असं मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर तिथेच रडू कोसळलं असतं.

त्या शिडीला मला तीन रविवार लागले होते. दोन बाजूंना पितळी तार आणि पायऱ्यांना चार रंगांच्या वायरींची नळी. लालसमोर पिवळीच, निळीसमोर हिरवीच, ही जोडी मोडायची नाही, हे तू दहा वेळा बजावलंस. "दादा, डीएनए म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही रे. चार अक्षरांत लिहिलेलं एक लांबलचक पुस्तक, आणि शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्याची एक प्रत." शिडी झाली, तू हातात घेऊन फिरवलीस आणि हसत सुटलीस. मी पीळ उलटा दिला होता. "नेहमीच्या स्क्रूचे आटे जसे जातात ना, तसा पीळ हवा." मी म्हटलं, "फिटर मी, आणि आटे तू शिकवणार?" तू म्हणालीस, "पेशीतले आटे माझ्याकडे." मी चिडून सगळी शिडी उलगडली आणि पुन्हा वळली.

हे आठवलं की दोन मिनिटं बरं वाटतं. मग लगेच ते दुसरं आठवतं.

तू एकोणीस वर्षांची होतीस. लहानपणापासून तुझे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. भंडाऱ्याहून मुलुंडला आल्यावर आईने किती डॉक्टर केले! कुणी संधिवात म्हणालं, कुणी कावीळ, कुणी म्हणालं पोरगी नाटकं करते. आई तेल चोळायची आणि म्हणायची, "काहून वं पोरी, तुझ्याच वाट्याला हे?" बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी आपापल्या बोटाला टोचून रक्ताची स्लाइड करायची होती. बाकीच्यांना गोल गोल पेशी दिसल्या. तुझ्या स्लाइडवर मधूनमधून वाकड्या, टोकदार, विळ्यासारख्या. सर म्हणाले, "स्लाइड बिघडवलीस. दुसरी कर." तू दुसऱ्या बोटाला टोचलंस. मग तिसऱ्या. तिन्ही तशाच. तेव्हा सरांनी तुला हाक मारून बाजूला नेलं.

त्या संध्याकाळी तू घरात आलीस, चप्पलही काढली नाहीस आणि पुस्तक माझ्यापुढे उघडून धरलंस. म्हणालीस, "दादा, मी पुस्तकात आहे." तुझा चेहरा उजळला होता, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. एवढी वर्षं जे नाटक ठरलं होतं त्याला नाव मिळालं होतं. सिकल सेल.

नंतर वर्गात तू हे कसं शिकवायचीस ते मला तुझ्याच पोरांकडून कळलं. फळ्यावर लिहायचीस "महानगरपालिका". मग एकच अक्षर पुसून "महामगरपालिका" करायचीस. वर्ग फिदीफिदी हसायचा. "हसलात ना? बाकी सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत. एकच बदललं आणि तुमच्या वॉर्ड ऑफिसात मगरी बसल्या." मग सांगायचीस की डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या शब्दांत वाचली जातात, प्रत्येक शब्दाने प्रथिनाचा एक मणी ठरतो, आणि रक्त लाल करणाऱ्या प्रथिनाच्या वाक्यात सहाव्या शब्दातलं एक अक्षर बदललं की मणी बदलतो. त्या एका मण्यामुळे प्रथिनं एकमेकांना चिकटतात, पेशी वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. अडकल्या की दुखतं. "किती दुखतं?" असं एका पोरीने विचारलं होतं म्हणे. तू म्हणालीस, "परीक्षेत तेवढं येत नाही." आणि पुढच्या भागाकडे वळलीस.

निदान झालं त्या आठवड्यातच तू हट्ट धरलास. आई, बाबा, मी, सगळ्यांनी रक्त तपासायचं. प्रत्येकाला या वाक्याची एक प्रत आईकडून आणि एक बाबांकडून मिळते; तुला हे झालंय म्हणजे आईबाबा दोघांकडे एकेक बदललेली प्रत असणारच, पण मी काय आहे ते बघायला हवं, असं तुझं म्हणणं. मी उडवून लावलं. "मला काही होत नाही. कशाला तपासू?"

"तुला होणार नाही रे. तुझ्या पोरांना होईल."

"आपल्याला आधी काय कमी शिक्के आहेत? अजून एक कपाळावर मारून घ्यायचा? उद्या लोक म्हणतील, यांच्या रक्तातच खोट आहे."

तू भडकली होतीस. "खोट जातीत नसते. हे तेल्यांत आहे, कुणब्यांत आहे, आदिवासींत आहे, आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. जिथे हिवताप फार, तिथे हे अक्षर टिकलं, कारण एकच बदललेली प्रत असली तर हिवतापातून माणूस वाचतो. हे डासांमुळे आपल्यात राहिलंय, दादा. जातीमुळे नाही."

मी म्हटलं, "हे तू लोकांना समजावत बस." आणि शर्ट घालून बाहेर पडलो.

तुला कल्याणचं स्थळ आलं तेव्हा मी तुला बजावून ठेवलं होतं, तोंड उघडू नकोस. तू पोह्यांची बशी मुलाच्या हातात दिलीस आणि त्याच्या समोर बसून सगळं सांगितलंस, अक्षरापासून. मुलगा चांगला होता. मन लावून ऐकत होता, प्रश्नही विचारले. त्याची आई मात्र मध्येच उठली. "कळवतो," म्हणाले, आणि कळवलं नाही. मी तुला तेव्हा काय काय बोललो! तू एवढंच म्हणालीस, "दादा, लपवून संसार केला असता तर पोर झाल्यावर कुणाला तोंड दाखवलं असतं?" तो टोला मला होता, हे तेव्हा समजलं नाही. त्याच सुमारास माझं रजनीशी ठरत होतं.

रजनी मामाची मुलगी. घरातलीच. आईला हौस, मामाला हौस, मलाही ती आवडत होती. तू लग्नाला नाही म्हणाली नव्हतीस. तुझं एकच म्हणणं, आईकडे हे अक्षर आहे, तर मामाकडेही असू शकतं, मग रजनीकडेही. दोघांचं रक्त तपासा, मग ठरवा. मी ते मामाच्या कानावरही घातलं नाही. रजनीलाही सांगितलं नाही. हळदीच्या दिवशी तू माझ्या हाताला हळद लावताना म्हणालीस, "अजून वेळ गेलेली नाही." मी हात काढून घेतला.

आमची प्रज्ञा दहा महिन्यांची असताना तिच्या दोन्ही हातांचे पंजे सुजले. ताप आला. रजनीला वाटलं काहीतरी चावलं. तू कॉलेजातून आलीस, तिला मांडीवर घेतलंस, हातांकडे पाहिलंस, मग पाय उघडे करून पाहिलेस. तेही सुजले होते. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. 'सांगितलं होतं ना,' हे शब्द आता येणार म्हणून वाट बघत होतो. ते त्या दिवशी आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत. आले असते तर तुझ्याशी भांडून थोडा मोकळा तरी झालो असतो. तू फक्त म्हणालीस, "हिला भरपूर पाणी पाजत जा. गारठ्यात ठेवू नका. उद्या आपण सगळे इस्पितळात जाऊ."

मी वाहक निघालो, म्हणजे एक प्रत बदललेली; रजनीही. प्रज्ञाला दोन्ही बदललेल्या प्रती आमच्याकडून.

स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तू काड्यापेटी उघडलीस. माझ्यापुढे एक चांगली काडी आणि एक जळकी, रजनीपुढेही तशाच दोन. "प्रत्येकाने डोळे मिटून एकेक द्यायची." चार प्रकार होतात, ते तू मांडून दाखवलेस. दोन्ही चांगल्या, माझी चांगली तिची जळकी, तिची चांगली माझी जळकी, दोन्ही जळक्या. रजनी टक लावून बघत होती. मी विचारलं, "म्हणजे चारात एक ना? मग प्रज्ञाच्या रूपाने तो एक होऊन गेला. पुढचे तिघं सुटले."

"नाही रे दादा. काड्या परत पेटीत जातात. प्रत्येक पोराच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून."

रजनीने तेव्हा मान वर केली. म्हणाली, "हे लग्नाआधी माहीत होतं तुम्हाला?" तिने तुला विचारलं होतं, पण उत्तर मी द्यायला हवं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी काड्या गोळा करत राहिलो. मग तूच म्हणालीस, "शंका होती. खात्री नव्हती." माझ्या वाटचं तू पुन्हा एकदा स्वतःवर घेतलंस. तुझं म्हणणं मीच दाबून ठेवलं होतं, हे आता रजनीला कळलंय. मीच सांगितलं, गेल्या आठवड्यात. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

यंदा रजनीला पुन्हा दिवस गेले. ठरवून नाही. आणि मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात पोटातल्या बाळाचा डीएनए तपासायला नुकतीच सुरुवात झालीय, ही बातमीही तूच आणलीस. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तू केवढ्या उत्साहाने समजावत होतीस! बाळाच्या वारेचा कणभर तुकडा काढायचा. त्यातला डीएनए वेगळा करायचा. जंतूंपासून मिळवलेलं एक द्रव्य असतं, ते कात्रीसारखं काम करतं, ठरावीक अक्षरं दिसली तरच तिथे कापतं. आपलं ते एक अक्षर बदललेलं असेल तर कात्रीला जागा सापडत नाही, तुकडा लांब राहतो. तुकड्यांची लांबी मोजली की बाळाचं सगळं कळतं. "अक्षर वाचता यायला लागलंय, दादा. जंतूंकडून माणसाचं इन्सुलिन करून घेतात आता. एक दिवस हे अक्षर दुरुस्तही करता येईल. माझ्या वेळी नाही. प्रज्ञाच्या वेळी कदाचित."

मी तिथेच म्हणालो, "मग झालं तर. तपासून घेऊ. वाईट निघालं तर मोकळं करू."

तू म्हणालीस, "मोकळं? कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांनाच."

"म्हणजे आईच्या वेळी ही तपासणी असती, तर मला मोकळं केलं असतं तुम्ही."

"तसं म्हणालो का मी?"

"मग कसं म्हणालास? नीट सांग. मी शिक्षिका आहे, मला नीट उत्तर लागतं."

"तपासा तपासा म्हणून दहा वर्षं माझं डोकं तूच खाल्लंस ना? आता मी हो म्हणतोय तर तुझं काय मध्येच?"

"तपासायला मी नाही म्हणत नाही. तू एका मिनिटात निकाल लावलास, त्याला म्हणतेय. रजनीला विचारलंस? ती बसलीय इथे."

आणि मी ते वाक्य बोललो. "घरात तुझ्यासारखं अजून एक नको, बस."

प्रज्ञा खाली खेळत होती. रजनी म्हणाली, "अहो!" तू उठलीस, पदर नीट केलास, पेला उचलून मोरीत ठेवलास आणि तुझ्या खोलीकडे गेलीस. तू रडली असतीस, ओरडली असतीस, तर मी पाय धरले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला डबा भरून दिलास. भाजी वेगळी, चटणी वेगळी, नेहमीसारखं. तीन आठवडे आपण कामापुरतं बोललो. मी रोज ठरवायचो, आज बोलू. रोज वाटायचं, तीच आधी काहीतरी म्हणेल.

मग तुझ्या छातीत दुखायला लागलं. आधी ताप, मग श्वास लागेना. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की छातीतल्या रक्तवाहिन्यांतच पेशी अडकल्यात. त्यांनी करायचं ते सगळं केलं, रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. दुपारची वेळ होती. आईबाबा तर आधीच गेलेले; मामा होता, मामी होती, तुझ्या कॉलेजातल्या दोघी होत्या. तू मला खुणेने जवळ बोलावलंस. मी वाकलो. वाटलं, आता बोलशील. तू मास्क जरा बाजूला केलास आणि म्हणालीस, "बारावीचा जेनेटिक्सचा भाग अर्धा राहिलाय. त्यांना सांग." मी म्हटलं, "सांगतो." आणि मग, सुजाता, मला जे म्हणायचं होतं ते एवढ्या लोकांत म्हणता येईना, म्हणून मी काय विचारलं? "चहा आणू का?" तू मान हलवलीस. नको म्हणून. मी तरीही खाली गेलो. परत आलो तेव्हा रजनी दारात उभी होती.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. तुझे विद्यार्थी बाहेर पायरीपर्यंत उभे. मामाने सगळ्यांना न्यूमोनिया सांगून ठेवलं होतं. वंदना झाली, दोघंतिघं बोलले, तू किती हुशार होतीस वगैरे. मग मी उभा राहिलो. मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हणालो, "माझ्या बहिणीला न्यूमोनिया नव्हता. तिला सिकल सेल होता. माझ्यात त्याचं अर्धं आहे. माझ्या बायकोत अर्धं आहे. माझ्या पोरीत पूर्ण आहे. लग्नाआधी रक्त तपासा, असं ती दहा वर्षं सांगत होती. मी ऐकलं नाही." मामा पुढच्या रांगेतून म्हणाला, "अशोक, बस खाली. चारचौघांत काय हे?" मी बसलो नाही. नुसता उभा राहिलो. मामा उठून गेला. तो अजून बोलत नाही माझ्याशी. नंतर चपला शोधताना एका बाईने हळूच विचारलं, तपासणी कुठे होते. एकीनेच. तुझ्या दहा वर्षांच्या मानाने हे काहीच नाही.

त्यानंतर चार दिवसांनी रजनीची तपासणीची तारीख होती. मला वाटलं ती नको म्हणेल. ती सकाळी आवरून तयार. इस्पितळात बाकावर बसलो असताना ती म्हणाली, "ताई आल्या होत्या माझ्याकडे. तुमचं भांडण झालं त्या आठवड्यात. तुम्ही कामावर होतात."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तपासून घे. निकाल आल्यावर तू ठरव, दादा नाही आणि मीही नाही. म्हणाल्या, मी जगले ते वाईट नव्हतं. पण दुखणंही फार होतं. दोन्ही खरं आहे, दोन्ही धरून विचार कर."

मी विचारलं, "माझ्यावर राग होता का तिचा?"

रजनी म्हणाली, "मीही हेच विचारलं होतं. ताई म्हणाल्या, 'आहे.' एवढंच. मग प्रज्ञाच्या गोळ्या वेळेवर देतेस का ते विचारलं."

तो एक शब्द मी किती दिवस चघळतोय! तू राग सोडला होतास असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आहे, हे मात्र तुझंच. नीट उत्तर.

निकाल शुक्रवारी आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ तुमच्या दोघांसारखं आहे. वाहक. त्याला त्रास होणार नाही." मला एवढा आनंद झाला की मी त्या बाईंना हात जोडले, बाहेर येऊन अनोळखी माणसाला सांगितलं. बस येईपर्यंत मी हसत होतो. आणि मग माझ्या लक्षात आलं मी कशाला हसतोय ते. बाळ तुझ्यासारखं नाही, याचा तो आनंद होता. तू जाऊन महिना झाला नव्हता. मी तेच वाक्य पुन्हा एकदा बोललो होतो, या वेळी तोंड न उघडता.

बसमध्ये रजनी म्हणाली, "उलट निघालं असतं तर मी काय ठरवलं होतं, विचारणार नाही?" मी तिच्याकडे पाहिलं. धीर झाला नाही. ती म्हणाली, "बरं," आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आपलं भांडण कसं मिटवायचं, मला कळत नाही. मी ते वाक्य मागे घेतो म्हणालो, तर तू विचारशील, कुठलं अक्षर मागे घेतोस? 'तुझ्यासारखं' यात मला दुखणं म्हणायचं होतं, आणि तुला तू ऐकू आलीस. दुखणं वेगळं काढून तुला ठेवायची कात्री माझ्याकडे नव्हती. तुझ्याकडेही नव्हती. एवढं म्हणून मला सुटता येईल का? नाही वाटत.

काल संध्याकाळी प्रज्ञाचे पाय दुखायला लागले. रजनी औषध आणायला गेली होती. घरात मी एकटाच. गरम पाण्याची पिशवी लावली, पाणी पाजलं, तरी ती कण्हत होती. मग मला म्हणाली, "आत्याला पण असंच दुखायचं?"

"हो."

"मग आत्या काय करायची?"

तुझं दुखणं सुरू झालं की मी घराबाहेर पडायचो. लहानपणी खेळायला, मोठेपणी नाक्यावर. बघवायचं नाही म्हणून. तीस वर्षं आपण एका घरात काढली, तुझ्या रक्ताच्या सहाव्या शब्दात काय बदललंय ते मला पाठ आहे, पण दुखताना तू कुशीवर वळायचीस की पाय पोटाशी घ्यायचीस, काही म्हणायचीस की उशीत तोंड खुपसायचीस, यातलं काही मी पाहिलेलं नाही. तिने पुन्हा विचारलं, "सांग ना, बाबा." मी तिच्या बाजूला आडवा झालो. म्हटलं, "मला माहीत नाही गं. तू काय करतेस ते मला दाखव."

तिने माझा हात ओढून आपल्या गुडघ्याखाली घेतला आणि सांगितलं, "असाच ठेव. हलवू नको."